जात्याचा घास

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी हुलगे भरडले. मिळून केलेलं शेवटचं काम ते. मी मुठीनं घालत होतो, गजरा जातं ओढत होती. शेवटची मूठ राहिली तसा तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या जात्यात. रिकामं ठिवू न्हाई त्याला."

गजरा माझी बायको. तिला काही विचारा, म्हणायची, "थांबा, जात्याला इचारते." आणि दगडाला कान लावायची. पाहुणे हसायचे. एकदा म्हणाली, "आज दगड गार बोलतोय." सांजेला वरच्या आळीचा म्हातारा गेला. तेव्हापासून पाहुणे हसत नव्हते. चहासुद्धा घाईनं प्यायचे.

तिचं गाणं तुम्ही ऐकलं असेल. माळावरच्या कारखान्याचं काळं पाणी आमच्या विहिरीत उतरलं. आम्ही गडी हात जोडून उभे. गजरानं जातं हातगाडीवर घातलं, फाटकासमोर उतरवलं आणि बसली दळायला. शेजारची सखू समोर. एक ओळ हिची, दुसरी तिची:

कारखान्याच्या सायबा, ये माझ्या वसरीला,
काळ्या पान्याचा तांब्या ठिवला तुझ्या न्याहरीला.

राखणदार म्हणाला, "मावशी, उठा." ही म्हणाली, "दळान संपू दे." आता गावातली प्रत्येक बाई पदरातनं मूठ आणतेय, ते संपतंय कशाला! शेवटी कारखान्यानं पाणी वळवलं.

गाणं मात्र थांबलं नाही. जामखेडकडं बायका 'ट्यांकरच्या सायबा' म्हणतात, शेवगावात आणखी काही. मोबाईलवर एकजण सांगत होता, गाणं लई जुनं, करणारी कधीच मेली. गजरा खूश. "बगा, मी मेले बी अन् कळलं बी न्हाई!"

घरी रोज पहाटे तेच. हिची ओळ इकडून, सखूची भिंतीपल्याडून. माझ्या झोपेचं खोबरं.

"मेल्यावर तरी गप बस," मी म्हणायचो.

"मी बसंन. जातं बसायचं न्हाई. अन् ऐका, सुतकात कुनी दळू देत न्हाई. मी उठले न्हाई, तर आदी त्याला घास द्या, मग मान्सं बोलवा. उपाशी जातं हाका मारतं."

हुलगे भरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, ती घर गप होतं म्हणून. गजरा कुशीवर निजलेली. खांद्याला हात लावला. गार.

वसरीवर आलो. जात्यात कालची मूठ होती, तिच्यावर नवी घातली. गडी माणूस जात्यावर बसलेला आमच्यात कुणी पाहिला नसेल. खुंटा धरला तर वाटलं, पलीकडून कुणीतरी ओढतंय.

घरघर ऐकून भिंतीपल्याडून सखू म्हणाली, "अक्का, आज उशीर? म्हन की!"

मी म्हटलं. माझा आवाज बेडकाचा. "कारखान्याच्या सायबा, ये माझ्या वसरीला..."

पल्याडच्या बांगड्या थांबल्या. जातं फिरत राहिलं. लई वेळानं सखूची ओळ आली. हळू, पण पुरी.

मग मी खुंटा सोडला आणि दाराची कडी काढायला उठलो.