माल गेला नाय, घडी घातलीय

साळुंके माउसला उंदीर म्हणतात आणि त्याला ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवतात. चितेगावच्या आमच्या कारखान्यात स्टोअरची एक्सेल शीट त्यांच्या ताब्यात आहे, हे आम्हा सगळ्यांचं दुर्दैव. ओळी दिसल्या की यांचे हात शिवशिवतात. ओळी धरायच्या, मग शिफ्ट, आल्ट, उजवा बाण! झाला गट. लगेच तो मिटून टाकायचा. ओळी संपल्या की रकाने. "पसारा नाय पाहिजे," हे वर ऐकवायचं. स्वतःच्या टेबलावर मात्र चहाचे तीन उष्टे कप.

कुणी माउस धरलेला दिसला की हे खुर्ची ओढून शेजारी बसतात.

"पवारसाहेब, अजून उंदरावरच? गणपती हाय का तुम्ही?"

परवा तर हद्द झाली. मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला आली. मी ऐटीत शीट उघडली, तर जेमतेम तीन ओळी! गट उघडायची अधिकची (+) चिन्हंसुद्धा यांनी लपवलेली. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "पवार, बाकीचा माल कुठंय?"

साळुंके डुलत आले, चार बटणं दाबली.

"लई घाई तुम्हाला. माल गेला नाय, घडी घातलीय."

पाहुणे हसले. माझे कान तापले. संध्याकाळी याला घरी जाऊन झाडायचाच, असं ठरवून मी गारखेड्यात त्यांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. कंप्युटरचा पडदा बंद, आणि त्यासमोर साळुंके डोळे मिटून बटणं चाचपत होते. शेजारी वहिनी, कानात इअरफोन लावून.

"चुकलात. सातवीची दोन पुस्तकं आठवीत गेली," त्या म्हणाल्या.

वहिनी शाळेत ग्रंथपाल. काचबिंदूनं नजर गेलेली, हे मला तिथंच कळलं. पडद्यावरचा बाणच दिसत नाही, तर माउस कसा चालवणार? कंप्युटर कानात वाचून दाखवतो, त्या बटणांवर पुस्तकांची यादी सांभाळतात.

"कंपनीत हात बसवतो, मग हिला शिकवतो," साळुंके जमिनीकडं बघत म्हणाले. "नोकरी सोडायची नाय म्हणते."

"कोण आलंय?" वहिनींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"मी पवार."

"अगंबाई, भाऊजी! बसा ना. हे रोज तुमचंच सांगतात. कंपनीत एकच मित्र आहे म्हणतात."

साळुंके घाईघाईनं पाणी आणायला आत गेले. मी बसलो. भांडायला आलो होतो, ते सांगायचं राहूनच गेलं.