आंबेखोल वाचनालयातील दुग्धेतर श्वेतचूर्णाचा प्रश्न

माणसाला भूक दिवसातून दोनदा लागते, मत मात्र केव्हाही येतं. भुकेची सोय सरकार करतं किंवा करत नाही. मतांची सोय समाजालाच करावी लागते. पेडणे तालुक्यात ती पूर्वीपासून उत्तम आहे. मराठी की कोंकणी या भाषेच्या वादात आमच्या एकट्या आंबेखोल गावात दोन सख्खे भाऊ सव्वा वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. (त्याआधी ते एकाच भाषेत भांडत होते.) पुढे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, वाद निवले आणि गावावर मोठीच आपत्ती आली. मत द्यायला विषय उरला नाही.

ही पोकळी भरून काढण्याचा मान आमच्या वाचनालयाला मिळाला. मी तिथला मानद सचिव. (मानद म्हणजे काम सगळं आणि दोषही सगळा.) सभासद एकसष्ट, पुस्तकं चारशे बारा, कपबशा पन्नास. रोज संध्याकाळी साडेपाचला सभासदांना कॉफी मिळते. चहा का नाही, असं पणजीहून आलेल्या तपासणी अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, अहो, चहा घरीही मिळतो. त्यासाठी माणूस वाचनालयात कशाला येईल? त्यांना ते पटलं. साडेपाचला आमच्याकडे सत्तेचाळीस वाचक असतात, सव्वासहाला दोन. त्यातला एक मी, आणि दुसरा झोपलेला असतो.

कॉफीला दूध शेवंतीचं. नवरा गेल्यापासून वरच्या वाड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या वस्तीत, ती, तिची मुलगी हर्षा आणि तांबू नावाची गाय, एवढंच बिऱ्हाड. गावात ज्याच्या त्याच्या गोठ्यात जनावर, त्यामुळे दूध विकत घेणारं गिऱ्हाईक एकच, आमचं वाचनालय. रोजच्या त्या दुधावर हर्षा बसनं म्हापशाला कॉलेजात जायची. आंबेखोलची कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. सगळ्या गावाला तिचं कौतुक होतं, आणि मुद्दाम नोंदवतो, तिच्याविरुद्ध कोणाचंही मत नव्हतं.

अशात आमचे अध्यक्ष बाबली परब यांचे जावई गौरेश कुवेतहून सुटीवर आले. त्यांनी सासऱ्यांना घड्याळ दिलं, सासूबाईंना मिक्सर आणि वाचनालयाला एक डबा. डब्यात पांढरी पावडर. ती कॉफीत घातली की दूध लागत नाही म्हणे. सगुण मास्तर हे आमच्याकडचे इंग्रजी वाचणारे अधिकृत गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसून डबा वाचला आणि जाहीर केलं, "ही दुधाची पावडर न्हय. ही दूध नसलेली दुधाची पावडर!"

इतिवृत्तात असं लिहिणं शोभलं नसतं, म्हणून मी 'दुग्धेतर श्वेतचूर्ण' असा शब्द घडवला. (आमच्याकडे चर्चा कोंकणीत होते, इतिवृत्त मराठीत, आणि डबा इंग्रजीत होता. तरी कोणाचं काही अडलं नाही.)

त्या संध्याकाळी नऊ जणांनी श्वेतचूर्णाची कॉफी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावात एकशे अठ्ठ्याऐंशी मतं तयार होती.

त्यातली प्रातिनिधिक देतो. पावडरीची कॉफी जिभेला चिकटते. (न प्यालेल्यांपैकी शहात्तर टक्के.) चिकटत नाही, मऊ लागते. (परबांचे सोयरे.) एकादशीला चालेल, कारण ती उपवासाचं काही मोडत नाही. चालणार नाही, कारण डब्यावर मका लिहिलाय आणि मका हे धान्य. जी वस्तू वर्षभर नासत नाही ती पोटात जाऊन काय करील, देव जाणे. आणि बाबलीचा जावई दिसतो तितका साधा नाही. हे शेवटचं मत विषयाला सोडून होतं, पण त्याला सर्वाधिक पाठिंबा होता.

महिन्याभरात दूधवाले आणि पावडरवाले वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. तेव्हा सात जणांची अभ्यास समिती नेमली. समितीनं पहिल्याच बैठकीत जो अंतरिम ठराव केला, तो वाचून आजही माझा ऊर भरून येतो. निर्णय लागण्याआधी दूध घातलं तर पावडरवाल्यांवर अन्याय, पावडर घातली तर दूधवाल्यांवर. सबब निर्णय होईपर्यंत कॉफीत काहीही घालू नये. ठराव एकमतानं मंजूर.

शेवंती दाराशी दुधाची किटली घेऊन उभी होती.

"आनी माझां दूध, तात्यानूं?"

"तुझं दूध विचाराधीन आहे," मी समजावलं.

"म्हणजे फाल्यां हाडूं काय नाका?"

"उद्या नको. समिती बसली आहे."

"समिती बसली म्हणान गाय दूध दिवची थांबता काय?"

हा मुद्दा तांत्रिक स्वरूपाचा होता. मी तो इतिवृत्तात घेतला नाही.

समितीनं अकरा महिने जिवाचं रान केलं. चौतीस प्रश्नांची प्रश्नावली घरोघर फिरवली. (प्रश्न नववा: आपण श्वेतचूर्ण चाखले आहे काय? असल्यास कारणे द्या.) अभ्यासदौरा तेरेखोलच्या एका हॉटेलात गेला. कॉफीच्या वेळेपर्यंत थांबणं सदस्यांना जमलं नाही, पण जेवणातल्या इसवण माशाविषयी अहवालाला स्वतंत्र परिशिष्ट जोडलं आहे. सहाव्या महिन्यात सगुण मास्तरांनी भिंगातून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि हादरलेच. पावडरीत दुधापासून काढलेला एक पदार्थ होता! दूध नसलेल्या पावडरीत दूध! दूधवाले म्हणाले, म्हणजे आम्ही आजवर दुधालाच विरोध केला की काय? पावडरवाले म्हणाले, म्हणजे दूधवाले आम्हीच. या शोधानंतर सात दिवस कोणाला आपली बाजू आठवेना, आणि गावात भयाण शांतता पसरली. शेवटी ते वाक्य अहवालातून वगळलं, तेव्हा कुठे लोकांच्या जिवात जीव आला.

शेवंती दर सोमवारी यायची. "निकाल लागलो?" एवढंच विचारायची. कधी दूध तसंच घेऊन आलेली असायची. ते नासेल म्हणून आम्ही ते घेत नव्हतो असं नाही. घेतलं असतं तर समितीवर प्रभाव पडला असता.

मतदान झालं ते तीन विरुद्ध तीन. (सातवे सदस्य त्या दिवशी बारशाला गेले होते.) मग आमच्या रीतीप्रमाणे देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाण्यात जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्यानं मागणं मागतो आणि दर मागण्याला सगळा गाव साथ देतो. बाबली परब पुढे झाले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांच्या कॉफीत दूध घालूचां बरां आसात, तर तसां घडव!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"आनी पावडर घालूची बरी आसात, तर तसां घडव!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो कोण हेका आडो येयत, तेका सारक्या वाटेर हाड!"

"व्हय म्हाराजा!"

तिन्ही मागण्या एकमतानं मंजूर. एवढी एकी गावानं भाषेच्या वादातही दाखवली नव्हती. पंचाईत एवढीच झाली की निकाल कोणता, हे देवाला विचारायचं राहून गेलं.

याच सुमारास हर्षा सकाळच्या बसला दिसेनाशी झाली. मी समितीला लेखी कळवलं. सदर बाब समितीच्या कक्षेबाहेर आहे, असं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. मला वाईट वाटलं. खरंच सांगतो, फार वाईट वाटलं. पण सचिवाला काय वाटतं ते इतिवृत्तात येत नाही.

अखेर निसर्गानंच निर्णय दिला. पावसाळ्यात डब्याला दमट हवा लागली आणि श्वेतचूर्णाचा असा काही दगड झाला की तो फोडायला कोयता लागला. पावडरवाल्यांकडे बाजू राहिली, पावडर राहिली नाही. चौऱ्याण्णव पानांचा अहवाल सादर झाला: कॉफीत दूधच घालावे. दूधवाल्यांनी फटाके लावले. सगुण मास्तरांनी भाषण केलं, त्यात सत्याचा विजय चार वेळा झाला.

दुसऱ्या दिवशी मी ठरावाची प्रत घेऊन वरच्या वाड्यावर गेलो. गोठा रिकामा होता.

"तांबू मांद्र्याक दिली," शेवंती म्हणाली. "थंय एका गेस्टहाऊसवाल्यान घेतली. पावण्यांक ताजां दूध व्हयां म्हणता. हर्षाकय थंयच कामाक घेतलां." मी ठराव पुढे केला. तिनं तो घेतला, घडी घातली आणि खुराड्याचं दार बसत नव्हतं तिथे सारला. कोंबड्या आत राहिल्या.

वाचनालयात मात्र दुधाचा प्रश्न पुन्हा उद्भवला नाही. वर्षभर काळी कॉफी पिऊन सभासदांना तीच आवडू लागली होती. दूध घातलेली कॉफी आता गिळवत नाही, असं त्यांचं मत पडलं. दूध तत्त्वतः विजयी आहे, प्रत्यक्षात कॉफी काळी आहे. दोन्ही पक्ष समाधानी आहेत.

एकदा खाजगी कामासाठी मी मांद्र्याला गेलो. हर्षा गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात कॉफी देत होती. एका गोऱ्या पाहुण्याला तिनं विचारलं, दूध घालू? तो हो म्हणाला. तिनं घातलं. झालं! ना प्रश्नावली, ना पोटसमिती. इतका महत्त्वाचा निर्णय असा उभ्याउभ्या घेतलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मग ती माझ्यापाशी आली.

"तात्यानूं, तुमका घालूं दूध?"

तिच्या डोळ्यांत बघवेना. मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

अहवाल वाचनालयात सर्वांना खुला आहे. शेवटी अभिप्रायासाठी कोरी पानं बांधली आहेत. आजवर त्रेसष्ट वाचकांनी लिहिलं: एकतीस दूध, बत्तीस पावडर. हर्षाचं कॉलेज पुन्हा कसं सुरू व्हावं, याविषयी एक ओळही नाही. तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तुमचंही मत एव्हाना झालंच असणार. लाजू नका, लिहा. दूध की पावडर?