परबमामांची नाडीपरीक्षा

आमचे शेजारी परबमामा "कसा आहेस?" असं कुणालाच विचारत नसत. सरळ मनगट धरत आणि डोळे मिटून नाडी बघत. दूधवाला, पोस्टमन, भाडं वसूल करायला आलेला मेहता, कुणाचीच सुटका नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांनी चक्क लाठीवाल्या पोलिसाचं मनगट धरलं आणि म्हणाले, "नाडी धावता हा तुझी. सावलीत बस." आम्ही डोकी सांभाळत पळायच्या तयारीत. पोलीस मात्र मुकाट्याने सावलीत जाऊन बसला.

मामा परळच्या एका गिरणीत पंपावर होते. डॉक्टरकीही तिथूनच उचललेली. छाती म्हणजे पंप, डोकं म्हणजे वरचा माळा. "पंप बिघडलो की वरच्या माळ्यार पाणी चढना नाय," हे येताजाता ऐकवत. आम्ही हसायचो.

हे वेड लागलं मामींपायी. एकदा मामी भात चुलीवर ठेवून नळावर गेल्या आणि परतताना स्वतःची खोलीच विसरल्या. आमच्या दारात उभ्या राहून, माझं घर कुठे, म्हणून विचारू लागल्या. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर फार वाढलंय, उतरलं नाही तर डोकं आणखी थकत जाईल. त्या दिवसापासून परबांच्या आमटीतलं मीठ गेलं. लोणच्याची बरणी आणि सुका बांगडा आमच्याकडे आला, त्यामुळे आमची चंगळ झाली. मामा स्वतःही तसलंच अळणी जेवत आणि रोज संध्याकाळी मामींना भोईवाड्यातून दादरपर्यंत चालवत नेत. मामी चिडायच्या, पण चालायच्या.

काही महिन्यांनी तपासणीला मामांनी मलाही सोबत नेलं. प्रेशर चांगलं उतरलं होतं. मग डॉक्टरांनी मामींना वार विचारला, चाळीचा पत्ता विचारला. मामींनी बिनचूक सांगितलं.

"आणि यजमानांचं नाव?"

मामी खिडकीबाहेर बघू लागल्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मामींनी मान खाली घातली. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सवयीने मामींचं मनगट धरलं, पण डोळे मिटायचे मात्र विसरले.

मामी माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "अरे, त्येंका सांग मा. घोवाचा नाव असा सुक्या कसा घेवचा?"

असा जीव भांड्यात पडल्याचं मला पुन्हा कधी आठवत नाही. मी डॉक्टरांना अडचण समजावली. ते म्हणाले, मग उखाण्यात घ्या. मामींनी पदर सावरला.

"मीठ नाही आमटीत, लोणचं नाही ताटात,
शांतारामरावांचं नाव घेते डॉक्टरांच्या दवाखान्यात."

डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला. मामांनी मनगट अजून सोडलं नव्हतं. ते म्हणाले,

"परत एकदा घे."