ब्रिटनसारखे बसू नका

डिमेलो सरांच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसायची सोय नव्हती. "सावंत, मागे टेकून बसा. ब्रिटनसारखे बसू नका," हे वाक्य मी फुलपाड्यात राहायला आलो त्याच दिवशी ऐकलं. मी आपला त्यांच्याकडे ठेवलेली घराची किल्ली मागायला गेलो होतो. टेकून बसलो तो दोन तासांनी उठलो.

सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी परदेशात. घरात ते आणि युरोपचा भिंतभर नकाशा. ब्रिटनवर त्यांचा राग एखाद्या भावकीतल्या माणसावर असावा तसा. "युरोपीय संघात शिरले, पण नाणं स्वतःचं ठेवलं. इतरांनी सीमा उघडल्या, यांनी दाराची कडी काढली नाही. कुठलाही नियम आला की यांचं आपलं एकच, आमचं वगळून!"

हे 'आमचं वगळून' त्यांनी बिल्डिंगभर लावलं. गणपतीच्या मंडपात फोटोपुरते उभे राहून आरतीआधी सटकणारे तिसऱ्या मजल्यावरचे पाटील कायमचे 'आमचं-वगळून पाटील' झाले. सोसायटीच्या मीटिंगला दाराजवळ उभं राहणाऱ्याला सर सगळ्यांदेखत विचारत, "राहताय की जाताय? एकदा ठरवा!" लोक हसायचे. सर हसायचे नाहीत.

युरोपीय संघात राहायचं की नाही, या ब्रिटनमधल्या मतदानाचा निकाल लागला त्या दिवशी मी सातिवलीच्या गोडाऊनला निघालो होतो. सर जिन्यात बसले होते, मांडीवर पावाची पिशवी.

"गेले," ते म्हणाले.

मी घाबरलो. "कोण? कधी?"

"ब्रिटन."

मला हसू आवरेना. म्हटलं, "जाऊ दे हो सर, आपल्या नळाला पाणी येत नाही, त्याचं बघू."

"माझा जावई पोलंडचा आहे, सावंत," सर म्हणाले. माझं हसू तिथंच थांबलं.

मुलगी रीना ब्रिटनमध्येच नर्स होती. तिचा नवरा युरोपीय संघाच्या जोरावर तिथं आलेला, सुतारकाम करणारा. कागदोपत्री राहता आलं असतं, पण निकालानंतर कामावर त्याला जो तो विचारू लागला, "मग परत कधी?" काही वर्षं त्याने हे ऐकून घेतलं. शेवटी बायको आणि तीन वर्षांची माया यांना घेऊन तो गावी, पोलंडला निघून गेला.

तोवर माया आजोबांशी फोनवर इंग्रजीत बोलायची. सर तिला वांगं, भेंडी दाखवून मराठी नावं शिकवायचे. पोलंडला गेल्यावर ती चुलत भावंडांत रमली. आधी मराठी गेलं, मग इंग्रजीही गेलं. फोन आखूड होत गेले.

एका रविवारी बायकोने सरांसाठी घावणे दिले म्हणून मी खाली गेलो. सर चर्चमधल्या मिस्सावरून नुकतेच आले होते, अंगावर अजून इस्त्रीचा शर्ट. समोर फोन लावलेला. बाहत्तराव्या वर्षी त्यांनी पोलिश शिकायला घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ते अडखळत एक वाक्य बोलले. माया खुदकन हसली, तिने ते दुरुस्त केलं आणि मग भराभरा बरंच काही सांगितलं. सर मान हलवत राहिले. पोरगी पळाली.

"पप्पा, कळलं का ती काय म्हणाली?" रीनाने विचारलं.

"कळलं ना!"

फोन बंद झाला. मी घावण्यांचा डबा ठेवला. "काय म्हणत होती, सर?"

"काय माहीत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "फार भरभर बोलते. पण जाताना जादेक म्हणाली. जादेक म्हणजे आजोबा, सावंत. तुम्ही ऐकलंत ना? म्हणाली ना ती?"

मला तर फक्त तिच्या पळण्याचा आवाज आला होता.

"म्हणाली, सर," मी म्हणालो. "अगदी स्पष्ट."