सरळ गवंडियाचे शोधाची हकीकत

श्री वाग्देवतेस साष्टांग नमन. तिणे मनुष्यास जीभ दिली, तैसी दरबारी लोकांस समजही देती, तर हे लिहिणे न पडते. शके सोळाशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरे, चैत्रमासी एका राज्याचे सरहद्दीस गनीम दोन मजलांवर येऊन उतरला, आणि त्याच समयी सरहद्दीचे गडावरील मोठे टाके तडकले. गडावर तीनशे माणूस. पाणी रात्रंदिवस झिरपो लागले. मग किल्लेदार हणमंतराव यांनी लिहिणार रखमाजी बल्लाळ यांस बोलावून सांगितले, "रखमाजीपंत, पाल्हाळ नको. एका ओळीत लिहा." आणि रखमाजीपंतांनी लिहिले, "टाके फुटले. सरळ गवंडी पाठवणे." म्हणजे कोठे न रेंगाळता, थेट पाठवणे. शेंबड्या पोरासही हे कळावे. परंतु दरबारात पोरे नव्हती, पंडितराव होते.

पंडितरावांनी पत्र वाचिले आणि बोलिले, "सरळ हा शब्द गवंडियाचे अंगाशी बसला, सबब गवंडियाचे विशेषण. गडास ताठ पाठीचा गवंडी पाहिजे." मग राज्यातील गवंडी उभे केले आणि एकेकाचे पाठीस ओळंबा लाविला. जन्मभर दगड उचललेली माणसे, सारी वाकलेली. सारी परत धाडिली. ऐसे बारा दिवस गेले आणि गडावर पाणी ओंजळीने वाटो लागले. हे कळताच रखमाजीपंतांचे मस्तक फिरले. साठीचे वय, पाय सुजलेले, तरी चार दिवस चालोन दरबारी दाखल जाहले.

"पंडितराव, लोक तहानेने मरतात आणि आपण पाठी मोजता?"

"क्रियाविशेषण असते तर क्रियापदाशेजारी बसते," पंडितराव शांतपणे बोलिले.

"शेजारी आला म्हणून सोयरा जाहला काय? आपले शेजारी हा पंखेवाला उभा, तो काय आपला जावई? शब्दास पुसावे, तू काम कोणाचे करितोस? गवंडी कैसा, याचे उत्तर देतो तर विशेषण. पाठवावा कैसा, याचे उत्तर देतो तर क्रियाविशेषण!"

"परंतु रूप बदलत नाही. चांगला गवंडी, चांगली बाई, ऐसे बदलते तर आम्ही ओळखितो."

"सरळ बांबू, सरळ काठी, तेथे विशेषण आहे, तरी कोठे बदलते? रूप पाहोन कळत नाही, काम पाहावे लागते! टाक्यास तडा गेला, तेथे गवंडियाची ताठ पाठ काय चाटावयाची?"

सभा खदखदा हसली. पंडितरावांचे तोंड लाल जाहले आणि त्यांनी शास्त्री बसविले, आणि शास्त्रियांनी आठ दिवस खल केला, आणि नवव्या दिवशी ठरले की रखमाजीपंत म्हणतात तेच खरे. मग गवंडी घोडियावर बसविला. तो वेशीबाहेर पडतो, तो गडाचा जासूद खबर घेऊन समोर आला. टाके कोरडे पडले, गनीम गडाखाली आला, सात लेकरे गेली, आणि हणमंतरावांनी घागरभर पाण्यासाठी गडाच्या किल्ल्या गनिमास दिल्या. रखमाजीपंत चौकातच ऊर बडवून ओरडले, "मेल्यांनो, एका शब्दापायी गड घालविला रे!"

गड गेला, तेव्हा अपराधी कोणी पाहिजे. पंडितरावांनी स्वहस्ते हुकूम लिहिला, "मोघम लिहून गड घालविला, सबब जलद कारकून धरणे." शिपाई धावले आणि शाई वाळण्याआधी रखमाजीपंतांचे पायी बेडी पडली.

एवंच, गड गेला, माणसे गेली, खरे सांगणारा कैदेत गेला. आणि "जलद" हा शब्द कारकुनाचा की धरण्याचा, हे त्या दिवशी दरबारात एकानेही पुसले नाही.