नामदेवभाऊंची वकील-परीक्षा

लग्नाच्या पंगतीत लोक नवरदेवाला बायकोचं नाव घ्यायला लावतात. आमचे नामदेवभाऊ त्याला विचारत, "ठाणेदारानं धरलं तं काय करशीन?"

नवरदेव बिचारा सासऱ्याकडं बघे. "मले काऊन धरतीन, भाऊ?"

"धरणारा तुले पुसून धरते का? कायच्यासाठी धरलं, ते विचारायचं. कोऱ्या कागदावर आंगठा द्यायचा नाई. दिवस उलटायच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं नेलंच पाह्यजे. आन् वकील भेटेपावतर गप. खाय आता."

भाऊ सावली गावच्या धानगिरणीत पोती शिवत. मी तिथल्या शाळेत मास्तर आणि त्यांचा भिंतीलगतचा शेजारी, त्यामुळे ही शिकवणी मला रोज फुकट. देशाची राज्यघटना तेव्हा नवीकोरी होती. मी ती वर्गात शिकवली की मुलं पेंगत, भाऊंनी तीच सांगितली की गिरणीतले हमाल पोती खाली ठेवून ऐकत. मला त्यांचा हेवा वाटे आणि वैतागही येई. एकटा माणूस, बोलायला विषय एकच.

त्यांच्या मते आपल्याकडचा माणूस अदबीपायी अडकतो. मोठ्या माणसानं विचारलं की उत्तर द्यावं, हे घरच्यांनी शिकवलेलं असतं. मग ठाणेदारानं विचारलेलं तर तो सांगतोच, न विचारलेलंही सांगून टाकतो. "गप बसणं म्हणजे उर्मटपणा नाई," भाऊ म्हणत. "हक्क हाये तो आपला."

गावात कोणावर फौजदारी झाली की वकील भाऊच निवडत. त्यांची रीत अजब होती. जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, वकिलाकडं जायचं आणि खरा खटला बाजूला ठेवून एक भलतीच गोष्ट सांगायची. एका पोराला पहाटे शेतात बहिणीचा नवरा मरून पडलेला दिसतो. आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं असतं. पोरगा आपल्या पायांनी ठाण्यात जातो आणि भांडणासकट सगळं सांगतो. पुढं मॅजिस्ट्रेटसमोरही कोणी जे जे विचारील त्याला "हो जी" म्हणतो, आणि बरीच वर्षं जेलात काढून सुटतो. भाऊ ही गोष्ट एवढी लांबवत की सोबत बसलेल्या मला जांभया येत. वकिलानं मधे तोडलं की तो नापास. "सुटतेच" म्हणणारा तर सगळ्यांत आधी नापास. "निकाल जजाच्या हातात. ह्यानं तो कुठून आणला?"

एका साली आमच्या आळीतल्या जाईबाईच्या पोराला, माधवला धरलं. धानाच्या बांधीत सोडायच्या पाण्यावरून मारामारी झाली, त्यात एक माणूस दगावला. काठी कोणाची लागली हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण माधवनं ठाणेदाराला अदबीनं सांगून टाकलं, "मी होतो जी तिथी." खुनाचा आरोप लागला. जाईबाईचा तो एकुलता एक.

आम्ही तिघं चांद्याला गेलो. पहिले वकील मोठे नावाजलेले. गोष्ट अर्ध्यात तोडून म्हणाले, "पोरगा सुटला समजा." भाऊ उठलेच. जाईबाई रडकुंडीला आली. "भाऊ, ते सोडवतो म्हणून राह्यले, आन् तुमी कायले उठून राह्यले?"

दुसरे वकील तरुण होते, खोलीत खुर्च्याही पुरेशा नव्हत्या. त्यांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "तो पोरगा सुटून आला, तेव्हा घरी कोण होतं?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. भाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

"कोणी नाई जी. माय होती. पण जेलात भेटीले कसं यायचं असते, हे तिले कोणी सांगतलंच नाई. वाट पाहून पाहून गेली ते."

ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं जांभया देत होतो, ती या माणसाची स्वतःची होती.

जाईबाईनं पदरानं डोळे पुसले. "मले हेच वकील पाह्यजेत," ती म्हणाली.

वकील म्हणाले, "सुटेलच असं मी सांगणार नाही, बाई. पोलिसासमोर कबूल केलेलं कोर्टात चालत नाही, एवढं आपल्या बाजूनं आहे. पण मॅजिस्ट्रेटपुढं बोलायच्या आधी मला त्याला भेटलं पाहिजे. तुम्हीही चला. आईला भेटता येतं."

सुटून आल्यापासून भाऊ कोर्टाच्या पलीकडं, जेलकडं कधी फिरकले नव्हते. त्या दिवशी जाईबाईच्या मागोमाग ते जेलच्या दारापर्यंत आले. माधवला गजांपलीकडं आणून उभं केलं. तो खाली मान घालून उभा होता आणि जाईबाई हुंदके देत होती. आता भाऊंची शिकवणी सुरू होणार, म्हणून मी वकिलांना जरा बाजूला घेतलं.

पण वकील, आंगठा, हक्क, यांतलं काहीच भाऊंच्या तोंडून निघालं नाही. गज घट्ट धरून ते तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "वर पाह्य, बाबू. तुह्यी माय आली हाये."