आधी नाना पितात

“नाना अजून ताठ बसलेत ना? मग लाव गं प्यायचा हंडा!”

समोरच्या वहिनी सुनेला ओरडल्या. नोकरीसाठी मी जळगावहून धुळ्यात आले, तेव्हा गल्लीतलं हे पहिलं वाक्य माझ्या कानावर पडलं. मला वाटलं, नाना म्हणजे एखादा पंप असेल.

नाना माझे घरमालक निघाले. मी वर, ते खाली, एकटेच. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही त्याच्या मनात आलं तर. वापरायचं पाणी कुणीही भरावं. पिण्याच्या हंड्याला मात्र नानांची परवानगी लागायची. ते पितळी पेला भरून स्वतः आधी पीत, ओट्यावर अर्धा तास बसत आणि मग पुकारा, “पानी चांगलं शे! भरा बठ्ठा!” म्हणजे सगळ्यांनी भरा.

कधी म्हणत, “आज गटारीच्या अंगानं आलं.” कधी, “पावडर जास्त पडली, डोळ्याला लागते.”

मला काहीच कळेना. कावीळ व्हायला काही आठवडे जातात, असं शाळेत शिकले होते. मग अर्ध्या तासात काय समजणार? शिवाय पाणी खराब निघालं, तर नानांचं काय? आमच्या घरी हिंदी; हे मराठीत मनातल्या मनात जुळवेपर्यंत नाना म्हणायचे, “उकळून पी हां, बेटा.” म्हणजे आणखी गोंधळ. उकळायचंच, तर चाखायचं कशाला?

एकदा जिन्यातून मला टक लावून बघताना त्यांनी पकडलं.

“बघतेस काय? आधी तुझी अक्का प्यायची, माझी बायको. पाणी भरणारी बाईच पहिला घोट घेते ना. कसं लागतंय, मी कधी विचारलं नाही. काविळीत गेली.” त्यांनी पेला खसाखसा घासला. “मग म्हटलं, आता पहिला पेला आपला.”

हे उत्तर पाण्याबद्दल होतं की अक्कांबद्दल, तेही मला कळलं नाही.

उन्हाळ्यात दारोदार जारचं पाणी सुरू झालं. माझ्याही दारात निळा जार आला. वहिनी म्हणाल्या, “नाना, सोडा आता तो नळ! हे घ्या, थंडगार शे.” नाना नुसते हसले. पुढच्या पाण्याला त्यांनी नेहमीसारखा पुकारा केला. एकही दार उघडलं नाही.

त्यानंतरचं पाणी चहाच्या रंगाचं आलं. गॅलरीतून पाहिलं, तर नानांनी तुरटीही फिरवली नव्हती. पेला तसाच भरून ते ओट्यावर बसले होते. ते ताठ बसलेत का, हे बघायला आज गल्लीत कुणीच नव्हतं.

पेला ओठांकडे गेला. मी जिना कसा उतरले, आठवत नाही. पेला धरला तेव्हा अर्धं पाणी माझ्या ओढणीवर सांडलं. समोर वहिनींचं दार किलकिलं झालं. या वेळी वाक्य मात्र आपोआप जुळलं.

“नाना, तुम्ही तुरटी फिरवा, मी उकळते. मग दोघं पिऊ, आणि दोघं बसू.”